शांतवन कंपाउंडरचा पिक्चर

कडूबा गावंडे आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहतात. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली बहुतेक पैठण डेपोला. आता निवृत्त आहेत, पण रिक्षात बसले तरी आधी मागं वळून माणसं मोजतात. मुलगा इंद्रजीत वाळूजला कारखान्यात आहे आणि सून तनुजा औरंगपुऱ्यात एका विम्याच्या कचेरीत.

तनुजाला नाताळाच्या पिक्चरांचं वेड आहे. डिसेंबर लागला की रोज जेवणं झाल्यावर एक. बर्फ पडतोय, घरांना दिवे लावलेत, दोन माणसं आधी भांडतात आणि शेवटी सगळे एका टेबलाशी जेवायला बसतात. सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, शेंगा सोलत बघायच्या. कडूबाही बघायचे, पण काही बोलायचे नाहीत. गेल्या वर्षीच्या डिसेंबरात तनुजानं त्यांना सहज विचारलं, “मामा, यातला तुम्हाला कुठला आवडला?”

“यातला एकबी नाय,” कडूबा म्हणाले. “माझा येगळाय. तीन नाताळं मी त्योच बघितला.”

“आता सांगू नका,” द्वारकाबाई म्हणाल्या. पण ते सांगायला लागले होते.

कडूबा नऊ वर्षांचे असताना बैलगाडीचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. पैठणच्या अलीकडे तेव्हा मिशनचा एक दवाखाना होता, आता नाही. तिथं ते दीड महिना पाय टांगून पडून होते. नाताळच्या दिवशी सांजेला पुरुषांच्या वॉर्डात भिंतीला पांढरी चादर ठोकली, मशीन लावलं आणि पिक्चर सुरू झाला. तो इंग्रजी होता. दवाखान्याचे कंपाउंडर शांतवन मास्तर चादरीशेजारी उभे राहून काय चाललंय ते मराठीत सांगत होते. पहिल्यांदा बर्फ दिसला तेव्हा सगळा वॉर्ड ओरडला, “अरे, कापूस सांडला!”

गोष्ट अशी होती. एक म्हातारा शेतकरी आहे. त्याचा एकुलता एक मुलगा लढाईवर गेलाय आणि त्याचा पत्ता नाही. घरात दाणा नाही, म्हणून नाताळच्या दिवशी म्हातारा आपला लंगडा घोडा बाजारात विकायला निघतो. वाटेत एक बाई भेटते. तिच्या कडेवर शालीत गुंडाळलेलं आजारी बाळ आहे आणि वैद्याचं घर लांब आहे. म्हातारा लगाम तिच्या हातात देतो. आपली टोपी काढून घोड्याच्या डोक्यावर घालतो आणि उघड्या डोक्यानं बर्फातून घरी चालत येतो. घरात चुलीपाशी लष्करी कपड्यातला मुलगा बसून जेवत असतो. म्हातारा त्याच्या गळ्यात पडून रडतो.

“समदा वॉर्ड रडला,” कडूबा म्हणाले. पाय बरा झाल्यावर पुढची दोन वर्षं ते गावाहून चालत जाऊन तोच पिक्चर बघून आले होते.

तनुजाचे डोळे पाणावले. द्वारकाबाईंचे नाही. त्याला कारण होतं. मुलं लहान असताना कडूबांना रोज संध्याकाळी घरी येता येईल अशी ड्यूटी मिळाली होती. त्याच वेळी सोमनाथ नावाच्या कंडक्टरची बायको आजारी पडली. कडूबांनी आपली ड्यूटी त्याला दिली आणि स्वतः मुक्कामी गाडी घेतली. चार वर्षं ते कुठल्या कुठल्या खेड्यांत एसटीतच झोपले. द्वारकाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले होते, “त्या म्हाताऱ्यानं घोडा दिला. मी तर नुसती ड्यूटी दिली.”

तनुजानं तो पिक्चर शोधायचं मनावर घेतलं. जुन्या पिक्चरांच्या शौकिनांचा एक गट इंटरनेटवर होता, तिथं तिनं ही गोष्ट लिहिली. आठ-दहा दिवस कुणालाच काही सांगता येईना. अशी गोष्टच नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. मग तिनं गोष्ट सोडून दिली आणि एवढंच लिहिलं, की म्हातारा आपली टोपी घोड्याला घालतो. तासाभरात कुणीतरी पिक्चरच पाठवून दिला.

पंचवीस तारखेला दुपारी सगळे बसलो. मलाही बोलावलं होतं. तनुजानं बेकरीतून केक आणला होता. कडूबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पिक्चर काळा-पांढरा होता. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती आणि तनुजा ती वाचून मराठीत सांगत होती. पहिल्याच दृश्यात म्हातारा घोड्याच्या कपाळाला चुना फासत होता.

“घोड्याच्या कपाळावरचा डाग लपवतोय,” तनुजा म्हणाली. “लबाड दलाल आहे तो. लंगडा घोडा कुणाच्या तरी गळ्यात मारायचाय त्याला.”

“हा नाय तो पिक्चर,” कडूबा म्हणाले. “बंद कर.”

“थांबा ना, मामा.”

बाई आली. तिच्या कडेवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. कडूबा पुढं सरकले. म्हाताऱ्यानं लगाम तिच्या हातात दिला, टोपी काढली आणि घोड्याच्या डोक्यावर घातली.

“ह्योच!” ते ओरडले. “ह्योच तो! बघ, आता तो निघंल.”

पण म्हातारा निघाला नाही. त्यानं दोन्ही हात पुढं केले. बाईनं शाल उघडली आणि आतून एका बदकानं मान बाहेर काढली. चांगलं जाडजूड बदक. म्हाताऱ्यानं ते काखेत मारलं आणि शीळ घालत चालू लागला.



“बाळ कुठं गेलं?” कडूबांनी विचारलं.

“बाळ नाहीच, मामा. घोडा देऊन नाताळच्या जेवणाला बदक घेतलंय त्यानं. टोपी घातली ती घोड्याचा तुटका कान झाकायला.”

“अन् ल्योक?”

मुलगाही नव्हता. चुलीपाशी गणवेशात बसलेला माणूस पोलीस होता, त्या बाईचा भाऊ, फसवणुकीबद्दल पकडायला आलेला. बदक भाजल्याचा वास आला म्हणून जेवायला थांबला होता. म्हातारा त्याच्या गळ्यात पडत होता तो ‘मला सोडा’ म्हणून. शेवटी ती बाई घोड्यावर बसून आली आणि सगळे मिळून बदक जेवले. पिक्चर विनोदी होता. आणि चांगला होता, मला तर दोन-तीनदा हसू आवरेना. मग कडूबांच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि मी गप्प झालो.

द्वारकाबाईंनी मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

“म्हंजी चार वर्सं मी एकली ऱ्हायले,” त्या म्हणाल्या, “ती बदकापायी?”

कडूबांनी त्या दिवशी केकला हात लावला नाही. पुढचे आठ दिवस ते मला फाटकापाशी गाठून एकेक विचारत राहिले. शांतवन मास्तर खोटं बोलले का? मग वॉर्डातल्या कुणाला बदक कसं दिसलं नाही? आणि सोमनाथला ड्यूटी दिली ते बरोबर का चूक? मी म्हणालो, सोमनाथची बायको तर खरीच आजारी होती ना. ते म्हणाले, “व्हय, ती बरी झाली. पण मी तिच्यासाठी थोडीच दिली? मी म्हाताऱ्याचं बघून दिली.”

जानेवारीत त्यांना एसटीतल्या सांडू नावाच्या जुन्या ड्रायव्हरकडून कळलं, की शांतवन मास्तरांची मुलगी शहरातल्याच छावणी भागात राहते. सुवार्ताबाई नाव, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. रविवारी तनुजा कडूबांना स्कूटीवर त्यांच्याकडं घेऊन गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं.

सुवार्ताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाबांना इंग्रजी येत नव्हतं हो.”

“अजिबात?” कडूबांनी विचारलं.

“औषधांची नावं वाचायचे, तेवढंच. आणि रिळं चार होती, त्यातली दुसरं आणि चौथं अशी दोनच दवाखान्यात आली होती. आधीचं आणि मधलं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पादरीसाहेब म्हणाले, लोकांना काहीतरी सांगा, म्हणून ते सांगायचे.”

म्हणजे बदक त्या रिळांत नव्हतंच. कडूबांना जरा बरं वाटलं. शांतवन मास्तरांनाही ते बाळच दिसलं असणार. पण सुवार्ताबाईंचं संपलं नव्हतं.

“तुम्ही म्हणता ती मुलाची गोष्ट मात्र मी ऐकलेली नाही,” त्या म्हणाल्या. “मी बायकांच्या वॉर्डात आईजवळ बसून बघायचे. तिथं ते सांगायचे, की ती बाई म्हाताऱ्याची मुलगी आहे. घरातून हाकलून दिलेली. म्हातारा तिला ओळखतो, पण बोलत नाही, नुसता घोडा देतो. आणि चुलीपाशी बसलेला तो जावई, माफी मागायला आलेला.”

“एकाच दिवशी? दोन वॉर्डांत दोन?”

“एकाच दिवशी. आधी तुमच्याकडं, मग आमच्याकडं.”

कडूबांनी हातातला चहा खाली ठेवला. मग सुवार्ताबाईच म्हणाल्या, “तुमच्या वॉर्डातली सांगा ना मला. बाबांची ती ऐकायची राहूनच गेली माझ्याकडून.”

कडूबा सांगायला लागले. म्हातारा, लढाईवरचा मुलगा, लंगडा घोडा. कपाळाच्या चुन्यापाशी अडखळले, कारण चुना मास्तरांच्या गोष्टीत नव्हता. पुन्हा पहिल्यापासून धरलं. बाई आली, तिच्या कडेवर शालीत बदक आहे असं म्हणाले, मग “नाय, नाय, बाळ” म्हणाले, आणि वैद्याचं घर लांब आहे इथं पोचल्यावर तनुजाकडं वळून विचारलं, “ही लेक हाय का नुसती बाई?” सुवार्ताबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. नक्की कशामुळं, ते तनुजाला कळलं नाही. कडूबांनाही कळलं नाही. पण त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत नेली, मुलाला चुलीपाशी बसवलं आणि जेवू घातलं.

घरी आल्यावर त्यांनी द्वारकाबाईंना सांगितलं, की बदक आपल्या रिळात नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला काय त्याचं. मुक्कामी गाडी तर व्हती ना?” आणि ताट वाढायला घेतलं.

या डिसेंबरात तनुजानं पुन्हा पिक्चर सुरू केले आहेत. परवा मी गेलो तेव्हा एक लागला होता, इंग्रजीवरून हिंदीत डब केलेला. बर्फात अडकलेली एक नर्स फोनवर आईशी बोलत होती. द्वारकाबाई तिच्यात गुंतल्या होत्या. कडूबा मात्र खुर्ची टीव्हीजवळ ओढून नर्सच्या ओठांकडं बघत होते.

“तनुजा,” ते म्हणाले, “हे हिंदीत जे सांगायलेत, त्यांना विंग्रजी येतं का?”

“येत असेल की, मामा.”

“तू इचारलंस का कुणाला?”

तनुजानं टीव्ही थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी द्वारकाबाईंकडं पाहिलं.

“लाव गं पुढं,” त्या म्हणाल्या. “पोरगी तिकडं बर्फात उभी हाय.”