वाऱ्याने पडलेली टाकी

"क्यूब पास आहेत?"

"पास आहेत, सर."

"मग टाकी आडवी का पडली?"

आमचे अधीक्षक अभियंता, म्हणजे मोठे साहेब, सकाळीच लातूरहून आले होते. समोर पाण्याच्या टाकीचा ढिगारा होता. आदल्या दिवशी ती पहिल्यांदाच काठोकाठ भरली आणि संध्याकाळच्या आत कुशीवर झाली. पंपाची खोली, शेजारच्या सरकारी गोदामाचा निम्मा भाग आणि चौकीदार बसप्पाचा डावा पाय तिच्याखाली आला. बसप्पा वाचला. गोदाम रिकामंच होतं, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही.

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तुटलेल्या खांबावर ओरखडली. भुकटी पडली. चांगल्या काँक्रीटवर किल्ली घासली तर किल्ली झिजते. साहेबांनी किल्ली रुमालाला पुसली आणि माझ्याकडे बघितलं. मी गोदामाकडे बघितलं.

मी तेव्हा त्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या गावातून आणि पलीकडच्या तालुक्याच्या गावातून, दोन्हीकडून फोन येतील. नवीन जिल्हा होणार अशी हवा होती आणि जिल्ह्याचं ठिकाण आपणच, असं दोन्ही गावांचं म्हणणं होतं. आमच्या गावात त्यासाठी कृती समिती होती. अध्यक्ष हावगप्पा शेठ, कापडवाले. त्यांनी दुकानाच्या पाटीवर गावाच्या नावाआधी 'जिल्हा' असं रंगवूनही टाकलं होतं. जिल्ह्याच्या गावाला मोठी टाकी लागते, म्हणून टाकी मंजूर झाली. मंजूर झाली त्याच वर्षी दुष्काळ पडला. पाणी नव्हतं, पण पाण्याच्या टाकीचं काम जोरात होतं.

इथं थोडं आमच्या कामातलं सांगतो. लोकांना वाटतं, काँक्रीट वाळून घट्ट होतं. तसं नाही. ते पाणी पिऊन घट्ट होतं. ओतल्यावर तीन-चार आठवडे त्याला ओलं ठेवावं लागतं. खांबाला गोणपाट गुंडाळायचं आणि त्यावर पाणी मारत राहायचं. याला क्युरिंग म्हणतात. ज्या दिवशी खांब ओततो, त्याच दिवशी त्याच मालाचे वीतभर ठोकळे लोखंडी साच्यात पाडतो. ते क्यूब. क्यूब पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग लॅबला पाठवायचे. तिथं ते मशीनखाली दाबून फोडतात. क्यूब किती भार सोसतो, त्यावरून खांब किती सोसेल ते ठरतं. मात्र क्यूबला मिळालं तेवढं पाणी खांबालाही मिळालेलं पाहिजे.

क्यूबचा हौद माझ्या ऑफिसच्या मागं होता आणि त्याला कुलूप होतं. त्या उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात दिवसभर पाण्यात बुडून बसलेले तेवढेच होते.

खांबांचं पाणी कंत्राटदाराच्या टँकरनं यायचं. पहिल्या दिवशी टँकर उभा राहिला आणि मागच्या गल्लीतून बायका घागरी घेऊन धावत आल्या. मी हाकललं. दुसऱ्या दिवशी त्या धावल्या नाहीत, रांग करून उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढं बसप्पाची आई, नागरबाई.

"सायेब, खांबाला तान लागती का?" तिनं विचारलं.

मी तिला क्युरिंग समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग त्याला बी द्या की," ती म्हणाली. "आधी लेकरायला द्या."

मी बसप्पाकडे बघून मान हलवली. त्यानं पाइप सोडला. पुढं तो रिवाजच झाला. टँकर यायचा, रांग लागायची, तळाचं गढूळ पाणी गोणपाटावर जायचं. गोणपाट ओलं दिसलं की क्युरिंग झालं, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोन कळशा पाण्यात गोणपाट छान ओलं दिसतं.

पाणी दिल्याचा मला आजही पस्तावा नाही. काम थांबवा, असं मी वर कळवायला हवं होतं. ते कळवलं नाही. पुढं पाऊस झाला, धरणात पाणी आलं, मोठे पाहुणे येणार म्हणून टाकी घाईनं भरायची ठरली, तेव्हाही मी गप्प राहिलो. क्यूब पास होते. माझा क्यूबवर विश्वास बसला होता.

ढिगाऱ्याजवळ साहेबांनी आवाज खाली आणला.

"क्युरिंग झालं होतं?"

"टँकर रोज यायचा, सर."

"मी टँकरचं विचारलं नाही."

"झालं होतं, सर."

"बरं झालं," साहेब म्हणाले. "झालं नाही म्हणाला असतास तर पाणी कुठं गेलं ते लिहावं लागलं असतं. लोकांनी नेलं म्हणाला असतास तर लोकांना पाणी नव्हतं, असा अर्थ झाला असता. आणि वर तर वर्षभर कळवलंय की टंचाई आटोक्यात आहे. एका टाकीसाठी अख्खा दुष्काळ नव्यानं कबूल करणार आहेस का?"

"मग कारण काय लिहू, सर?"

"बाहेरचं काहीतरी बघ. काल वारा होता का?"

काल वारा नव्हता. बसप्पाचं धोतर पंपाच्या खोलीजवळ दोरीवर वाळत होतं. टाकी पडेपर्यंत ते हललं नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"असेल, सर."

"असेल नाही. होता."

अहवाल मी लिहिला. 'अचानक उद्भवलेल्या स्थानिक स्वरूपाच्या वादळी वाऱ्यामुळे' टाकी कोसळली. 'स्थानिक स्वरूपाच्या' हे शब्द साहेबांनी घातले, कारण शेजारच्या गावातल्या केळी उभ्या होत्या.

पेपरात बातमी आली त्या दिवशी मी हावगप्पा शेठच्या दुकानासमोरून गेलो. ओट्यावर समिती बसली होती. शेठनी मला बघून गळ्यातला गमछा सावकाश हलवला. "इंजिनिअर साहेब, सांभाळून जावा. स्थानिक वारं सुटलंय."

लोक हसले. त्यांनी सरकारी अहवालावर विश्वास ठेवला नाही, हे त्यांचं अगदी बरोबर होतं. पण टाकी पडली आणि कारणाची जागा मोकळी राहिली, तेव्हा गावानं आपलं कारण शोधलं. टाकी पलीकडच्यांनी पाडली. आपल्याला जिल्हा मिळू नये म्हणून.

"ढुम्म करून आवाज झाला की नाई?" शेठ विचारायचे. "विहिरीचा सुरुंग उडतो तसा?"

आवाज झाला होता. एवढी टाकी पडल्यावर होणारच.

"मग आत कोण होतं? चौकीदार. चौकीदाराची सासुरवाडी कुठली?"

बसप्पाची सासुरवाडी पलीकडच्या गावची होती. एवढ्यावर खटला उभा राहिला. पंधरवड्यापूर्वी मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाला जाऊन तो एक पिशवी घेऊन आला होता. पिशवीत लाडू होते, ते गल्लीनं खाल्लेही होते. लाडवांखाली काय होतं ते कुणी बघितलं, असं आता खाणारेच विचारू लागले. पोलिसांनी तपास केला. सुरुंगाची दारू सापडली नाही. म्हणजे पोलीसही मिळालेले. बसप्पाचा पाय मोडला होता, तो संशय येऊ नये म्हणून त्यानं मुद्दाम टाकीखाली घातला होता.

मी लातूरच्या दवाखान्यात त्याला बघायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला.

"साहेब, लोक काय काय बोलून राहिले म्हणं," तो म्हणाला. "मी सांगून टाकू का? पाणी कमी पडलं म्हणून?"

"थांब थोडं. वातावरण निवळू दे."

"पाणी तर तुमी सांगितलं म्हणूनच सोडलं व्हतं ना?"

"हो. पण आत्ता बोलू नको. आई अडचणीत येईल."

आई अडचणीत येईल, हे खरं होतं. आधी मी आलो असतो, हेही खरं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. बसप्पानं मान हलवली आणि तो थांबला. तो थांबून राहिला आणि माझी नांदेडला बदली झाली.

कंत्राटदारानं त्याला कामावरून काढलं. किराणा दुकानात त्याचा नंबर शेवटी लागायला लागला. एका रात्री दारावर कुणीतरी काळं फासलं. मग तो बायकोला घेऊन सासुरवाडीला राहायला गेला. गावाला वेगळा पुरावा लागलाच नाही.

बरीच वर्षं गेली. केस पांढरे झाले, प्रमोशन झालं. एका पुलाच्या कामावर मला पलीकडच्या त्या गावी जावं लागलं. बसस्टँडसमोर चहाला थांबलो. हॉटेलवाले खाजाभाई शेजारच्या गिऱ्हाइकाला अभिमानानं दाखवत होते, "वो कोपऱ्यात बसलेत ना, बसप्पा मामू. उस गाववाल्यांची टाकी पाडली यांनी. अकेले. यांच्याकडून आपन पैसा घेत नाई."

बसप्पा कोपऱ्यात खाली मान घालून चहा पीत होता. काठी भिंतीला टेकवलेली. मी समोर जाऊन बसलो. त्यानं मला लगेच ओळखलं.

"तू सांगितलं नाहीस यांना?" मी विचारलं.

"लई सांगितलं. हसतेत. म्हणतेत, मामू, घाबरू नका, हितं पोलीस येत नाईत." त्यानं बशी खाली ठेवली. "चा फुकट हाय साहेब. पन आई तिकडंच हाय. ती घर सोडून येत नाई. मी दिवसा गावात जाऊ शकत नाई. वातावरन निवळलं का हो?"

पुढच्या रविवारी मी टाकीच्या गावी गेलो. आधी नागरबाईकडं. ती दारात ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. खांब कच्चे राहिले, मला माहीत होतं, वारा मी लिहिला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पानी मीच न्हेत व्हते की."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तुमी साहेब असून बोलला न्हाईत. मी कशी बोलू?" तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर खोचला. "चला."

हावगप्पा शेठच्या ओट्यावर समिती बसलेली होती. जिल्हा झालेला नाही, पण समिती आहे. मी उभा राहिलो आणि क्युरिंगपासून सगळं सांगितलं. पहिल्यांदाच चारचौघात. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

"बसा साहेब," शेठ शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती. "पलीकडं तुमचं पुलाचं काम हाय म्हणं. त्यायनं तुम्हाला कवा गाठलं?"

मी हात टेकले. मग नागरबाई पुढं आली.

"शेठ, टाकी आपन पेलो. मी पेले, हे बसलेत त्यायच्या घरच्या पेल्या, तुमच्या घरची पेली. तुमच्या बायकोच्या लग्नातली तांब्याची कळशी, तिच्यावर तुमचं नाव कोरलंय, ती माझ्या मागं असायची लायनीत. तिला घरी काम असलं की मीच धरून उभी राहायचे. जाऊन विचारा घरात."

कुणी घरात गेलं नाही. समितीतला एकेक जण आपल्या चपलेकडं बघू लागला. जिल्ह्याची टाकी आपल्याच स्वयंपाकघरात संपली, हे दोन्ही तालुक्यांत कळलं तर काय होईल, याचा प्रत्येक जण हिशेब करत असावा. शेठनी गमछा काढला, घडी केली, परत गळ्यात घातला.

"पन साहेब," ते म्हणाले, "सरकारी अहवालात वारं म्हणून हाय ना?"

"तो मीच लिहिलाय, शेठ. वारा नव्हता."

"असं कसं? सरकार एवढं छापून देतं ते काय उगं देतं का?" ते शेजारच्याकडं वळले. "त्या दिवशी तुमच्या गुरांच्या कोठ्याचे पत्रे उडाले व्हते ना?"

शेजारच्यानं क्षणभर विचार केला. "उडाले व्हते की. दोन."

"माझी लिंबाची फांदी मोडली," तिसरा म्हणाला.

"वारं लई व्हतं," चौथा म्हणाला. "स्थानिक."

"अहो, मी तिथं होतो," मी म्हणालो. "दोरीवरचं धोतर हललं नाही."

"साहेब, तुमी त्या वक्ताला नवीन व्हते," शेठ समजुतीनं म्हणाले. "तुमच्या काय ध्यानात ऱ्हाईल?" मग ते नागरबाईकडं न बघता म्हणाले, "बसप्पाला म्हणाव, ये. वाऱ्याला गरीब मानूस काय करनार?"

तो दिवाळीच्या आत घरी आला. दिवसाढवळ्या, एसटीनं. शेठनी त्याला दुकानातून धोतरजोडी दिली.

मागच्या वर्षी त्या गावावरून गेलो तेव्हा मुद्दाम थांबलो. बसप्पा पारावर चारपाच जणांत बसला होता आणि काठी आडवी धरून त्या दिवशी वारं कसं आलं ते दाखवत होता. मला बघून थांबला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"साहेबाला विचारा," तो म्हणाला. "लई वारं व्हतं."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी होकाराची मान हलवली. एकदा खोटं लिहून त्याला गावाबाहेर काढलं होतं. आता खरं बोलून परत काढायचं नव्हतं.

सरकारी अहवालावर लोक विश्वास ठेवत नाहीत, अशी आमच्या खात्यात तक्रार असते. माझा अनुभव वेगळा आहे. ठेवतात. फक्त तो कधीतरी त्यांच्या घरच्या सोयीचा व्हावा लागतो. त्या गावात आता माझ्या अहवालावर शंका घेणारं नागरबाईशिवाय कुणी नाही. गावाबाहेर मी आहे.