विहीणबाईंच्या कपाळावरचं हिंगुळाचं कुंकू

चैत्र वद्य पंचमी. हातातलं काम: आंब्याची डाळ वाटणं. त्याच दिवशी मी शनिवार पेठेतल्या निम्म्या सवाष्णींची कपाळं जाळली.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षीच व्हायचं, पण या वर्षीची गोष्ट वेगळी होती. विहीणबाई येणार होत्या, आणि सोबत आमच्या यमुनेला आणणार होत्या. लग्न झाल्यापासून यमुनेला चैत्रात माहेर असं मिळालंच नव्हतं. या वेळी मी निरोप धाडून विचारलं होतं, मुलीला अक्षय्य तृतीयेपर्यंत ठेवाल का? उत्तर आलं, ‘हळदीकुंकवाला येते, मग बघू.’ त्या ‘बघू’चा अर्थ मला नीट कळत होता. त्या येणार होत्या आमचं घर बघायला.

झालं! मी घरातल्या एकेका वस्तूकडे विहीणबाईंच्या डोळ्यांनी बघू लागले. गौरीचा झोपाळा घासला. अत्तरदाणी घासली. मग कुंकवाचा करंडा उघडला आणि माझं मन खट्टू झालं.

कुंकू घरचंच होतं. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवायची, सावलीत वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची, अशी आमची पद्धत. रंग मात्र जरा काळपट उतरला होता. संक्रांतीला विहीणबाईंकडचं कुंकू मी पाहिलं होतं, ते कसं लालबुंद! मी उठले आणि बुधवार पेठेतल्या सुगंधी जिनसांच्या दुकानातून एक पुडी आणली. दुकानदार म्हणाला, “बाई, याचा रंग आठ दिवस हलणार नाही.” हे ऐकून मी खूश झाले. (जी वस्तू कपाळावरून हलतच नाही, ती कपाळाचं काय करत असेल, हा विचार मला शिवला नाही.)

आमच्या यांनी पुडी पाहिली. “घरचं होतं ना?”

“काळपट दिसतं.”

“कुणाला?”

मी पाट्याकडे वळले. डाळ वाटायची होती.

दुपार कलली तशा बायका जमल्या. विहीणबाई आल्या, सगळीकडे नजर फिरवून गौरीसमोर बसल्या. यमुना काखेत गाठोडं धरून खांबाशी खाली मान घालून उभी राहिली. मी सगळ्यांच्या कपाळावर मेणाचं बोट फिरवलं आणि त्यावर ठसठशीत कुंकू लावलं. विहीणबाईंना तर रुपयाएवढं. मग स्वतःलाही लावून घेतलं. सगळी ओसरी अशी उजळली की मी मनातल्या मनात यमुनेचं गाठोडं उतरवून घेतलं.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की कुणी डाळीची स्तुती करत नाही. शेजारच्या गोदाकाकूंच्या भुवया आपोआप वरखाली होत होत्या. एकजण पन्ह्याचं गार फुलपात्र तोंडाला न लावता कपाळाला लावून बसली होती. मी मात्र सगळ्या एकमेकींच्या कुंकवाकडे बघताहेत म्हणून फुशारत होते. शेवटी गोदाकाकू उठल्या आणि खांबाला कपाळ घासू लागल्या.

“काकू, काय झालं?”

“नमस्कार करतेय.”

“खांबाला?”

“तुमच्या घरी सगळंच पवित्र, बाई.”

तेवढ्यात माझं स्वतःचं कपाळ पेटलं. मिरचीचा ठेचा थापावा तसं. आता खरी पंचाईत! सवाष्णींनी भरलेल्या घरात, गौरीसमोर, कुंकू पुसा असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? इतक्या जणी होरपळत होत्या, पण एकीचाही हात कपाळाकडे जात नव्हता.

मी खोबरेल तेलाची वाटी उचलली आणि एक रीत जन्माला घातली. आमच्याकडे गौरीपुढे सवाष्णीच्या कपाळी तेल लावतात, असं ठोकून दिलं. सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलंय, असंही सांगितलं. बायकांनी इतक्या आनंदानं कपाळं पुढे केली की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पण तेलानं मेण सुटलं. कुंकू निघालं, ते नाकावरून उतरलं, गालांवर पसरलं आणि हनुवटीवरून ठिबकू लागलं. त्याच वेळी हे दफ्तरातून परत आले. दारातून एकदा ओसरीकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि भिंतीला उद्देशून विचारलं, “जखमी किती?”

ओसरीवर कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी हनुवटीवरचा थेंब बोटावर घेतला, उजेडात धरला.

“हा हिंगूळ आहे, विहीणबाई. हा भिंतीवरच्या चित्रांना लावतात.”

“अहो, मला वाटलं...”

“ते कळलं. न्हाणीघर कुठंय? न्हायला गेलं की कुंकू जातंच. त्याला पुसणं म्हणत नाहीत.”

इतक्या साध्या वाटेनं पंचाईत सुटेल हे मला सुचलं नव्हतं. मग वाड्याच्या हौदातलं पाणी उपसून एकेक सवाष्ण डाळीचं पीठ चोळून न्हाऊन निघाली. माझ्या पेटीतली लुगडी संपली, तेव्हा गोदाकाकू आमच्या यांचा पंचा गुंडाळून परसातून घरी गेल्या. कपाळं तांबडीलाल झाली होती, विहीणबाईंचं तर चांगलं टरारलं होतं. त्यावर साय लावली. शेवटी मी मान खाली घालून घरचा काळपट करंडा पुढे केला. विहीणबाईंनी चिमूट बोटांत चोळली, हुंगली, आणि स्वतःच्या हातानं कपाळावर बारीकसं टेकवलं.

“घरात हे असताना ते आणलंत?”

मी करंड्याला झाकण लावलं. त्या पायऱ्या उतरू लागल्या. यमुनेनं मुकाट्यानं गाठोडं उचललं.

विहीणबाई मागे न बघता म्हणाल्या, “ते ठेव खाली. तू राहा अक्षय्य तृतीयेपर्यंत. आमच्याकडचं कुंकू हीच करते, विहीणबाई. तुम्हालाही शिकवील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळकुंडं निवडायला बसले. यमुनेनं माझ्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि म्हणाली, “आई, आधी हात धू.” कुंकू करायला तिला मीच शिकवलं होतं. पण मुलगी अक्षय्य तृतीयेपर्यंत घरात होती, म्हणून मी उठले आणि हात धुऊन आले.