सात नंबरची पेटी

मुलं खेळणी मोडत नाहीत, मोठी माणसं मोडतात, हे मी वर्षभर घसा फोडून सांगत होते. एकानेही विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं? ऐकलं असतं तर एवढे किस्से साठले नसते. आता साठलेत, तर ऐका.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं पेटीघर आहे. एक खोली, एक लोखंडी कपाट, त्यात बारा पेट्या. पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका आणि आत एका प्रयोगाचं सामान. कशात लोहचुंबक, कशात भिंग, कशात फुगे नि स्ट्रॉ. शनिवारी आईबाप येतात, पोराच्या नावावर एक पेटी घरी नेतात, पुढच्या शनिवारी आणून देतात. पेट्या तयार करतात वर्षाताई, त्या पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. अध्यक्ष म्हणजे भालेराव सर, निवृत्त मुख्याध्यापक. झाडणं, पेट्या देणं-घेणं आणि रजिस्टर माझ्याकडे. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, एक सरांकडे.

दाराशी एक फळा आहे. काही मोडलं, हरवलं, की त्यावर पोराचं नाव लिहायचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हा सरांचा नियम.

"पोराचं का? बापाचं लिहा की," मी म्हणायचे.

"मंगलाबाई, पेटी मुलाच्या नावावर जाते," सर म्हणायचे आणि मोबाइल काढायचे. ग्रुपवर सरांचे रोज दोन मेसेज. एक सुविचार आणि दुसरा, "माझ्या भिंतीलगतची जास्वंद जो कोणी तोडतो, त्याला लवकरच उघडं पाडण्यात येईल."

*

मटकीच्या पेटीपासून सुरुवात करते. दोन वाट्या, कापूस, मूठभर मटकी आणि मोजपट्टी. एक वाटी उजेडात ठेवायची, एक कपाटात, आणि रोज मोड किती वाढला ते मोजून लिहायचं. साधं काम. बालवाडीतलं पोरगंसुद्धा करतं.

ओम नावाचा साडेपाच वर्षांचा मुलगा पेटी घेऊन गेला. चार दिवस इमानदारीत मोजलं. पाचव्या दिवशी शाळेतून आला तर दोन्ही वाट्या घासून पालथ्या घातलेल्या.

शनिवारी त्याची आजी रिकामी पेटी घेऊन आली. "लय छान मोड आले होते बाई. उसळ केली."

"आजी, तो प्रयोग होता."

"मग? चांगलाच झाला की. अंधारातली मटकी तर जास्त गोड लागली."

वर्षाताईंनी ते वहीत लिहून घेतलं. फळ्यावर मात्र ओमचं नाव.

*

लोहचुंबकाच्या पेटीत चुंबक एक आणि वस्तू पंधरा: टाचणी, बटण, नाणं, खडू, चमचा. काय चिकटतं, काय नाही, ते पोरांनी आधी ओळखायचं, मग लावून बघायचं. ओळखायचं आधी, हे महत्त्वाचं. आईबाप घाई करतात आणि स्वतःच सांगून टाकतात.

एक साहेब सिन्नरच्या कंपनीत सुपरवायझर. पेटी परत आली तेव्हा पंधराच्या पंधरा वस्तू जागेवर, चुंबक गायब.

"मुलीने हरवलं," ते म्हणाले. "लहान आहे हो. सॉरी."

मी खाली वाकून मुलीला विचारलं, "राणी, कुठे गं पडलं?"

"पडलं नाही. पप्पा कंपनीत घेऊन गेले. तिथे खाली सांडलेले स्क्रू उचलतात त्याने."

साहेब वर पंख्याकडे बघायला लागले. चुंबक सोमवारी परत आलं, त्याला तेल लागलेलं होतं. मुलीचं नाव फळ्यावर तोवर दोन दिवस राहिलं होतं.

*

फुग्याच्या गाडीचं काय सांगू. पुठ्ठ्याची गाडी, बाटलीच्या झाकणांची चाकं, मागे फुगा. फुगा फुगवून सोडला की हवा मागे जाते नि गाडी पुढे पळते.

दोन बाप, एक रिक्षावाला, एक बँकेतला. दोघांनी गल्लीत शर्यत लावली. बँकेतल्याचा मुलगा हात पुढे करून उभा.

"पप्पा, आता मी."

"थांब, तुला नाही जमणार. हवा कमी पडतेय."

असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी गाडी अशी सुटली की थेट कांद्याच्या हातगाडीच्या चाकाखाली. सपाट. बाप कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला. पोरगा त्याच्याजवळ गेला आणि शर्ट ओढून म्हणाला, "जाऊ द्या पप्पा. आपण दुसरी बनवू. घरी झाकणं आहेत."

*

सगळेच किस्से मोडण्याचे नाहीत. हळदीच्या पेटीत हळद लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या असतात. पट्टीवर साबणाचं पाणी टाकलं की पिवळी पट्टी लाल होते, लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. पेटी संपली तरी घरी करता येतं. काही विकत आणायला नको.

एक आई पेटी परत द्यायला आली आणि बाकावर बसूनच राहिली.

"काय झालं?"

"काही नाही मावशी. बारा वर्षं झाली लग्नाला. ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली, मी साबण लावला, की डाग लाल व्हायचा. मी आठ साबण बदलले. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या हातालाच काहीतरी आहे. काल चार वर्षांच्या पोरीने मला आणि सासूबाईंना समोर बसवून दाखवलं."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, दुसरा कागद दे, हा फितूर आहे."

*

आता सात नंबर. ह्या पेटीत पुठ्ठ्याची हातभर लांब चौकोनी नळी. आत दोन आरसे तिरके लावलेले, एक वर, एक खाली. खालच्या भोकाला डोळा लावला की वरच्या भोकासमोरचं दिसतं. वर्षाताई त्याला पेरिस्कोप म्हणतात. पोरं म्हणतात डोकावणी. आमची सगळ्यात लाडकी पेटी.

ती तन्वीने नेली. सहा वर्षांची, तिची आई सुनीता बाजारात पालेभाज्या विकते. पोरगी आठवडाभर पालकाच्या ढिगामागे बसून गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून बघत होती. "आई, ती निळ्या साडीची परत येतेय. मेथीचा भाव विचारून गेलेली." सुनीता तोवर भाव पक्का करून तयार.

शनिवारी तन्वीने पेटी आणून दिली. मी उघडून बघितली, आरसे पुसले, कपाटात ठेवली, रजिस्टरमध्ये खूण केली. पुढच्या शनिवारी कपाट उघडलं तर सात नंबरची जागा रिकामी.

सरांनी रजिस्टर बघितलं. "शेवटचं नाव तन्वीचं."

"परत आली पेटी. मी माझ्या हाताने ठेवली. ही बघा खूण."

"मंगलाबाई, तुमच्या खुणेला काय आधार? घाईत तुम्ही कुठेही खूण करता."

फळ्यावर नाव चढलं. तन्वी नुकतीच अक्षरं जुळवायला शिकली होती. भर बाजाराच्या वाटेवर तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं ते ह्या फळ्यावर. आधी खूश झाली. मग नावाच्या वर 'मोडलं-हरवलं' लिहिलंय, ते कुणीतरी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून पेटीघराच्या गल्लीत यायची बंद. बाजारातून घरी जाताना वळसा घालून जायची.

सुनीता मला म्हणाली, "मावशी, आमी गरीब हाय, पण उचलायची सवय नाय. पोरगी रोज इचारती, माझं नाव कधी पुसणार?"

त्यात सरांनी ग्रुपवर टाकलं: रविवारी मीटिंग. यापुढे पेट्या घरी मिळणार नाहीत. पालकांनी मुलांना घेऊन इथेच बसावं, आमच्या देखरेखीखाली. म्हणजे ज्यांना दुपारभर बसायला वेळ आहे, त्यांचीच पोरं खेळणार. भाजीवालीने गाळा सोडून कधी बसायचं?

*

मीटिंगला खोली भरली. सुनीताला गाळा सोडता येत नव्हता, म्हणून तन्वीला मीच हाताला धरून आणली. ती माझ्या पदराआड उभी.

सर बोलून झाले तशी मी उठले. "पेट्या घरी गेल्याच पाहिजेत. मोडतात ती मोठी माणसं, आणि नावं पोरांची लागतात. सात नंबर ह्या पोरीने परत दिली आहे. कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत. एक माझ्या कमरेला आहे, एवढंच सांगते."

सरांचा चेहरा लाल झाला. "कोण बोलतंय बघा. मला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. ह्या बाई रोज सकाळी माझ्या भिंतीमागच्या गल्लीतून येतात आणि जास्वंदीची फुलं चोरतात. काल सात तोडली. पाच लाल, दोन पांढरी. पिशवीत टाकली आणि वर इकडेतिकडे बघितलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वर्षाताईसुद्धा बघायला लागल्या.

"तोडली," मी म्हटलं. "फांदी गल्लीत येते, देवाला वाहते. अर्धी पंचवटी तोडते. सातच होती, पाच लाल, दोन पांढरी. बरोबर मोजलीत."

"बघा. कबूल करतात."

"पण सर, तुमची भिंत माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे. घर तुमचं बैठं. फाटक पलीकडच्या रस्त्याला. तुम्ही होता कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या अंगणात. भिंतीपाशी उभा होतो."

"जमिनीवर उभं राहून भिंतीपलीकडची फुलं दिसली?"

सरांनी मोबाइल काढला. माझ्या पदराआडून तन्वी हळूच म्हणाली, "डोकावणीतून दिसतं."

कुणी हसलं नाही. वर्षाताई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि तन्वीचं नाव पुसलं. चांगलं दोनदा पुसलं, ओल्या फडक्याने. मग खडू माझ्या हातात दिला.

चौथीपर्यंतच शिकले मी, पण अक्षर माझं मोत्यासारखं. नियम होता पूर्ण नाव लिहायचा. मी पूर्ण लिहिलं.

पेटी नंबर सात: रघुनाथ विठ्ठल भालेराव.