अ‍ॅप्रनवरची नावं

दोहात अल मुंतझा भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्ट्रेलियाला गेली. दुसऱ्याच वर्षी तिच्या भागात वणवा लागला आणि गावंच्या गावं जळाली. घरं गेलेल्यांना तिने एका हॉलमध्ये तीन आठवडे रांधून वाढलं. जेवून जाणारी माणसं तिच्या अ‍ॅप्रनवर पेनाने आपली नावं लिहीत. पुढे तो अ‍ॅप्रन तिथल्या म्युझियमने मागून घेतला. काचेमागे टांगलेल्या त्या अ‍ॅप्रनचा फोटो तिने मला ईमेलने पाठवला.

माझा नुसता जळफळाट झाला. पन्नास माणसांचा भात कसा लावायचा, हे ती माझ्याकडूनच शिकली होती. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणाला दरवर्षी मी रांधायचे आणि ती वाढायची. माझा अ‍ॅप्रन कधी कोणी मागितला नव्हता.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "फोटो बघितलास?"

"बघितला. धुऊन तरी द्यायचास," मी म्हणाले.

ती म्हणाली, "म्युझियमवालेच म्हणाले, धुवू नका. नावं लिहिणाऱ्यांतले एक आजोबा नंतर महिन्याभरात गेले. त्यांची मुलगी त्यांचं अक्षर बघायला येते तिथे."

मला फार लाज वाटली. "चांगलं केलंस गं," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं. पण फोन ठेवल्यावर माझा नवरा तिचं कौतुक करायला लागला, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना कणीक मळायला घेतली.