स्कोपमधला दोष आणि सासऱ्यांची गिरणी

आमच्या नेमबाजी क्लबाने मागवलेल्या इलेक्ट्रॉनिक स्कोपमध्ये दोष आहे, असा तीन पानी अहवाल मी लिहिला होता. महत्त्वाचे मुद्दे लाल शाईने अधोरेखितही केले होते.

स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण. ही मात्र साधीसुधी नव्हे! आत कॅमेरा, छोटा पडदा, आणि छर्रा सुटला की आपोआप चित्रफीत तयार. पसंत नसेल तर दहा दिवसांत परत. ती पारखायचं काम माझ्याकडे आलं, कारण परभणीच्या आमच्या क्लबात माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच. (नेम लागत नसला की माणूस वाचनाकडे वळतो.) वर अध्यक्ष गायकवाड सर म्हणाले, "स्कोपवर ज्याचा हात बसेल, तोच नांदेडच्या सामन्याला जाईल." चार वर्षं मी राखीव खेळाडू होतो, म्हणजे इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतो. खरं सांगतो, या सामन्यासाठी जीव नुसता टांगणीला लागला होता.

मोकळी जागा हवी म्हणून बायकोला घेऊन सासुरवाडीला, पिंगळीला गेलो. तिथे सासऱ्यांची पिठाची गिरणी, मागे लांबलचक आवार. वाळूच्या पोत्यांच्या थप्पीवर टार्गेटचा कागद लावला, पंचवीस मीटरवर टेबल टाकलं, एअर रायफल उशीवर टेकवली आणि स्कोपला डोळा लावला.

कागद नाचत होता!

"सुनंदा, हे चित्र हलतंय."

"तुमीच हलत असाल," बायको म्हणाली.

"मी? अगं, उशीवर ठेवलीय रायफल!"

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला. हललं. टेबलावर ज्वारीचं पोतं चढवलं. तरी हललं! मग डोक्यात प्रकाश पडला. गिरणी! जमीन हादरत होती!

"मामा, पाच मिनिटं गिरणी बंद करा," मी सासऱ्यांना म्हणालो.

"कामून?"

"स्कोपला हादरे बसायलेत."

"जावाईबापू, दळणाला ही रांग लागलीय!"

पण सासरे जावयाला नाही म्हणत नाहीत (मनातल्या मनात म्हणतात). पट्टा थांबला. तशा डबे घेतलेल्या सगळ्या बायका आवारात, माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलेत वं जावाई?"

"बंदूक मारायलेत."

"कोणाला?"

"कागदाला."

"मग मरंना का अजून?"

"कोणी हलू नका!" मी ओरडलो. "श्वाससुद्धा हळू घ्या!" एक आजी डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन तशीच ताटकळली. एवढ्यात स्टेशनातून रेल्वे धडधडत गेली, ती जाईपर्यंत थांबलो. मग पाच छर्रे सोडले. तीन पोत्यात गेले, एक कागदाच्या कोपऱ्यात. पाचवा कुठे गेला ते स्कोपलाही कळलं नाही.

आता खात्रीच पटली. पाचही चित्रफिती कंपनीला पाठवल्या आणि फोन लावला. (सगळ्यांना पुरावा ऐकू यावा म्हणून स्पीकरवर!)

"सर, स्कोप उत्तम आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मग हलतं ते काय?"

"सर, छर्रा सुटायच्या आधीच चित्र उडी मारतंय. तुम्ही घोडा हळू दाबत नाही, हिसका देता. आणि सर, स्कोप सगळं चौदापट मोठं दाखवतो. थरथरसुद्धा. आज चहा किती झाला?"

"सात कप," मी पुटपुटलो.

मागे सगळी रांग खिदळली. माझं डोकंच सणकलं! खराब माल गळ्यात मारतात आणि वर चहा काढतात! तिथल्या तिथे पिठाच्या पोत्यावर बसून अहवाल लिहायला घेतला.

"सरका बरं जरा," म्हणत सुनंदा टेबलाशी बसली. आयुष्यात कधी रायफलीला हात न लावलेली बाई! पण गिरणीत वाढलेली. तागडीचा काटा थांबेपर्यंत श्वास धरून बसायचं तिला लहानपणापासून ठाऊक. तिने नवा कागद लावला, घोडा कसा दाबायचा तेवढं विचारलं आणि निवांत पाच छर्रे सोडले. पाचही काळ्या वर्तुळात, एकमेकांना चिकटून.

"मेला बाई कागद!" आजींनी डबा खाली ठेवला.

मी तरीही हटलो नाही. अहवालाचे फोटो आणि सोबत पुरावा म्हणून स्कोपमधल्या सगळ्याच्या सगळ्या चित्रफिती क्लबाच्या ग्रुपवर धाडून मोकळा झालो. थोड्या वेळाने गायकवाड सरांचा फोन आला.

"पहिल्या पाच फितींत स्कोप हलतोय. पुढच्या पाचांत न्हाई. पुढच्या कुणाच्या?"

"सौभाग्यवतींच्या."

"त्यांच्याकडून क्लबाचा अर्ज भरून घ्या. नांदेडला त्या जायलेत."

मला फार वाईट वाटलं. सुनंदाने ते ओळखलं. "तुमीच जा वं. मला काय हौस हाय का?" ती म्हणाली. पण पाच भोकांचा तो कागद तिने हळूच घडी करून पर्समध्ये ठेवला होता. तो बघितल्यावर मी अर्ज आणला.

नांदेडला मी मागच्या भिंतीशी बाटल्या धरून उभा होतो, जिवाची नुसती घालमेल! तिसऱ्या फैरीनंतर पंच माझ्यापाशी आले. "साहेब, तुमी जरा बाहेर थांबता का? तुमच्या पाय हलवण्यानं फरशी हादरायलीय, अशी तक्रार आलीय."

"कुणाची?" मी भडकून विचारलं.

त्यांनी सुनंदाकडे बोट दाखवलं.