लेडीसाहेबांचा संवाद

दुबईत अल कुसैसमधल्या माझ्या शेजारणीने मराठी मंडळासाठी नाटक लिहिलं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या एका उमराव घराण्यातल्या बाईंची गोष्ट होती. लेडीसाहेबांची भूमिका तिने मलाच दिली.

पहिल्या वाचनाला माझा नवराही आला होता. हातात पडलेली संहिता मी ऐटीत वाचत होते. तिसऱ्या प्रवेशात लेडीसाहेब मैत्रिणीला म्हणतात, "हे माझ्याशी फक्त पाहुण्यांसमोरच बोलतात."

मी वाचायची थांबले. हेच वाक्य मी शेजारणीला माझ्या स्वयंपाकघरात रडत रडत सांगितलं होतं.

तिला बाजूला घेऊन विचारलं, तर ती हसून म्हणाली, "अगं, नाव कुठे घातलंय तुझं?"

संहिता तिच्या हातात ठेवून मी निघाले. गाडीत नवऱ्याने एवढंच विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंयस?"