पोतंभर धुण्याचा सोडा

माझा दादा मेकॅनिक. घरामागच्या अंगणात तीस वर्षं त्याचं गॅरेज होतं. इंजिनातलं काळं, वापरलेलं तेल तो तिथेच मातीवर ओतायचा. म्हणे धूळ बसते. धूळ बसली, आणि गवताचं पातंही उगवेनासं झालं. वहिनींनी संसारभर टोमॅटो लावले ते डब्यांत. “एकदा तरी जमिनीत लावीन,” म्हणायच्या. दादा हो हो करायचा. पुरुषांचं हो हो म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

मग वहिनींचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, वर्ष काढलं तर खूप. दादाने त्याच आठवड्यात गॅरेजला कुलूप लावलं. मी एकटीच राहायचे, तेव्हा बोचकं उचलून त्यांच्याकडे आले. वहिनींना उचलणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. दादाच्या डोक्यात मात्र एकच: ही आहे तोवर माती साफ झाली पाहिजे.

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला वाट दाखवली. हवा कोंडून भाजलेला कोळसा, त्याला बायोचार म्हणतात, तो खणलेल्या मातीत कालवायचा. त्याच्या बारीक भोकांत तेल खाणारे जंतू घर करतात. ओल राखायची, दर आठवड्याला ढीग परतायचा. “आठ महिने लागतील,” बाई म्हणाल्या. “घाई करू नका, जिवंत आहेत ते.” जन्मात स्वतःचा कप न विसळलेला माझा भाऊ रोज झारी घेऊन त्या ढिगाचे लाड करायचा. मला हसू यायचं.

चौथ्या महिन्यात वहिनी एकदम खचल्या. दादा ढिगापाशी डोक्याला हात लावून बसला. “इतका वेळ पुरणार नाही गं,” म्हणाला.

मी आपली सवयीने फटकन बोलले, “इतकी वर्षं तेलकट हात कशाने धुतलेस? धुण्याच्या सोड्यानेच ना? मग टाक की मातीत, निघेल तेल.”

त्याला ते पटलं. पटणारच, हयातभर तेच केलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने पोतंभर सोडा आणून ढिगात कालवला. पोत्याची शिवण मीच उसवून दिली.

पंधरा दिवसांनी बाई आल्या. माती पाण्यात ढवळून त्यांनी कागदाची पट्टी बुडवली आणि कपाळाला हात लावला. “सोड्याच्या खाराने जंतू मेले सगळे. आधी हा सोडा धुऊन काढा, मग पहिल्यापासून सुरुवात.”

दादाने वहिनींना माझ्यासमोरच सांगितलं. “माझंच डोकं फिरलं,” म्हणाला. वहिनी आधी हसल्या. “तीस वर्षं तेल ओतलंत, आता सोडा.” मग त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि तोंड फिरवलं. दोन दिवस त्या दादाशी बोलल्या नाहीत. मी खाली मान घालून त्यांचे पाय चेपत राहिले. एरवी माझी जीभ तोंडात ठरत नाही, पण तेव्हा एक शब्द फुटला नाही. लाज वाटते आजही.

वहिनी दहाव्या महिन्यात गेल्या. शेवटच्या आठवड्यातही त्या विचारायच्या, “झाली का हो माती?” दादा म्हणायचा, “होत आली.” झाली नव्हती.

त्या गेल्यावरही त्याने ढीग परतणं सोडलं नाही. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला: माती लावणीला योग्य. दादाने अंगणात माती पसरली, टोमॅटोचं रोप आणलं आणि माझ्या हातात दिलं. “लाव,” म्हणाला.

रोप मी खाली ठेवलं. मी तिथेच रडायला लागले. “वहिनींना माझं नाव का नाही सांगितलंस? त्या तुझीच चूक समजून गेल्या, दादा.”

तो खुरप्याने खड्डा करत होता. मान वर न करता म्हणाला, “माझ्यावर रुसून तिचं भागलं. तुझ्यावर रुसली असती, तर तुला अंगाला हात लावू दिला नसता. मग तिचं कोणी केलं असतं?”